रोजच्या भाकरीपर्यंत

बुधवार, ५ नोव्हेंबर

ही डायरी पीठवाल्याने जानेवारीत फुकट दिली होती. आजवर खमिराच्या डब्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवली. आज तिला लिहिण्याच्या कामाला लावली, कारण चर्चच्या नव्या पाळकांनी सगळ्या मंडळीला सांगितलंय, बुधवारच्या अभ्यासात जे समजेल ते घरी जाऊन लिहायचं. मी चौथीत शाळा सोडली. खरं म्हणजे शाळेनेच मला सोडलं. पण सांगितलंय तर लिहिते.

पाळक तरुण आहेत. माणूस चांगला, पण बोलतात असे की एकेक शब्द तराजूत घालून देतात. सोनार व्हायला हवे होते. बायबलातलं लेवीयांचं पुस्तक घेतलंय. आज शुद्ध प्राणी आणि अशुद्ध प्राणी. खूर दुभंगलेला पाहिजे आणि रवंथ करणारा पाहिजे, दोन्ही पाहिजे. डुकराचा खूर बरोबर आहे पण रवंथ नाही, म्हणून नापास. ससा रवंथ करतो म्हणे. मी लहानपणी ससा पाळला होता, तो नुसतं नाक हलवायचा. पण शास्त्राशी कोण भांडणार.

मग पाल, उंदीर, घोरपड वगैरे. हे मेलेले ज्यात पडतील ते मातीचं भांडं फोडून टाकायचं. भट्टीत पडले तर भट्टी फोडायची. मला हे आवडलं. एक घाव दोन तुकडे. नाहीतर हल्ली सगळं 'बघू', 'विचार करू'.

अभ्यास सहा ते आठ. मला सातला उठावं लागतं, पीठ दुसऱ्यांदा मळायचं असतं. पीठ कोणासाठी थांबत नाही. वन्सं शेवटपर्यंत बसतात. घरी आल्यावर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही गेल्यावर पुढे पाळकांनी—"

मी म्हटलं, "पुढचं पुढे बघू, आधी तो डबा धरा."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल लिहिलेलं वाचलं. कोण कोण आहे हे लिहिलंच नाही. पाळक वाचणार नाहीत, पण मी म्हातारी झाल्यावर मलाच आठवायला नको?

आमची पावाची भट्टी आहे. विटांची आणि मातीची, लाकडावर चालते. सासऱ्यांनी बांधली. मी पीठ मळते. हे सायकलवरून पाव पोचवतात आणि दिवसाला मोजून चार वाक्यं बोलतात. मुलगी सासरी. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, तरुणपणी विधवा होऊन परत आली. साठीला टेकली. वन्सं भट्टी सांभाळतात. भट्टीची नाडी फक्त त्यांना कळते. तोंडातून आत हात घालून 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचं. 'रोजच्या भाकरी'पर्यंत हात आत राहिला आणि तिथे चटका बसला, तर पाव घालायचे. आधीच बसला तर आग जास्त. पुढे गेलं तरी बसत नसेल तर अजून लाकूड. सासऱ्यांनी त्यांना सात वर्षांच्या असताना शिकवलं.

आणि वन्सं मंडळीतली मयतं धुतात. कोणी नेमलं नाही. तीस वर्षं कोणाकडे गेलं माणूस की आधी आमच्या दारात येतात. निवृत्त नर्सबाई त्यांच्या जोडीला असते. पैसे घेत नाहीत दोघी.

झालं. आता शंका नको.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज जे ऐकलं त्याने डोक्यात घंटा वाजली.

मेलेल्या माणसाला जो हात लावेल तो सात दिवस अशुद्ध. तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी शुद्धीकरण. तो ज्याला हात लावेल तेही अशुद्ध.

मी तिथेच वन्संकडे बघितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, जशी काही गोष्ट दुसऱ्याच गावची आहे. तीस वर्षं ह्या बाईने सकाळी मयत धुतलंय आणि संध्याकाळी भट्टीत हात घातलाय! आणि प्रभुभोजनाचा पाव आमच्याच भट्टीतून जातो. अख्खी मंडळी खाते. कोणाला काही झालं नाही हे खरं. पण माहीत नव्हतं तोवर ठीक होतं, आता माहीत झालं.

सात वाजले, उठले. दारापर्यंत पाळकांचा आवाज आला, "आणि आता आपण नव्या करारात बघू या..." बघू देत. माझं पीठ फुगतंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जुन्या मास्तरांची बायको गेली. सकाळी त्यांचा जावई दारात. वन्सं हातातलं फडकं ठेवून गेल्या. दुपारी आल्या, नेहमीसारख्या साबणाने हात धुतले आणि भट्टीकडे निघाल्या.

मी आडवी उभी राहिले. म्हटलं, "वन्सं, सात दिवस."

"कसले?"

"बुधवारी ऐकलं ना तुम्हीही? सात दिवस भट्टीला आणि पिठाला हात नाही. माझा नियम नाही, लिहिलेलं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वहिनी, त्याच्यापुढे असं होतं की—"

"पुढे आठवा दिवस होता. आठव्या दिवशी या."

हसल्या त्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. मागच्या खोलीत जाऊन बसल्या. मी त्यांच्यासाठी वेगळा पेला काढला. मातीचा देणार होते, पण मातीचा असेल तर रोज फोडावा लागेल, एवढे पेले कुठून आणू. स्टीलचा नुसता घासला की चालतो. मागच्या दाराबाहेर खिळा ठोकला आणि त्यावर टांगला. संध्याकाळी चहाला त्यांनी शेल्फाकडे हात नेला, आपल्या निळ्या कपाकडे. मग हात मध्येच थांबला आणि बाहेर गेला, खिळ्याकडे.

मी चहा ओतला. वरून, धार लांब धरून.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाव जळले. दोन्ही घाणे. रविवारी भट्टी बंद असते म्हणून शनिवारी सकाळ-संध्याकाळ दोनदा भाजतो, दोन्हीदा जळले. मी हात घातला होता, प्रार्थना म्हटली होती, भाकरीपर्यंत हात आत राहिला होता. सगळं बरोबर केलं. लाकडं ओली असणार. ओलं लाकूड आधी धुमसतं आणि मग एकदम पेटतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पुन्हा जळले. खालून.

सुताराची म्हातारी आई स्वतः आली, काठी टेकत. ऐंशीच्या वर वय, तोंडात एक दात नाही, जीभ मात्र सगळी शाबूत. काउंटरवर पाव आपटला. ठक असा आवाज आला.

"हे काय आहे?"

"पाव."

"पाव? माझ्या पोराला दे, भिंत बांधायला होईल. मला दात नाहीत गं, आणि तू विटा विकतेस?"

मी म्हटलं, लाकडं ओली आहेत.

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हातारी म्हणाली. "कुठे गेली तुझी नणंद?"

मी नियम सांगितला. म्हातारीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी मेले की मला हात लावणारी अशुद्ध. आणि हात न लावता तशीच मला पेटीत कोंबणारी शुद्ध. असंच ना?"

"मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतं."

"शास्त्राला माझा निरोप सांग, मला गरम पाण्याने धुवायचं. गार पाणी मला सोसत नाही." आणि मागच्या खोलीत वन्संशी गप्पा मारायला गेली. दोन तास बसली. मागून हसण्याचे आवाज येत होते. दुपारपर्यंत अजून तिघीजणी मागच्या दाराने आल्या. वन्संचा दरबार भरलाय, आणि मी पुढे कोळसे विकतेय.

वन्सं म्हणतात, "वहिनी, तीस वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोपले. अजून कोणी जातंय का बघा बाई." चेष्टा करतात. मला कुठे चेष्टा सुचत होती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज कुष्ठरोगी. त्याने वस्तीबाहेर राहायचं आणि लोक दिसले की स्वतःच "अशुद्ध, अशुद्ध" असं ओरडायचं. हे ऐकून बरं नाही वाटलं. आजाराने आधीच मेटाकुटीला आलेला माणूस, त्याने वर ओरडायचं पण? पण असो.

एक विचित्र गोष्ट. वन्सं सातव्या दिवसाच्या आत आहेत म्हणून मी त्यांना शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसवलं होतं. पाळक आले, त्यांना बघितलं, आणि हाताला धरून पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. सगळ्यांसमोर. आपणच आठवड्यापूर्वी शिकवलेलं विसरतात म्हणजे कमाल आहे. तरुण आहेत, आठवणीत राहत नसेल.

सातला निघताना मला म्हणाले, "बाई, आज थांबा की. अर्धंच ऐकून जाता तुम्ही."

मी म्हटलं, "अर्ध्यातच एवढं काम लागलंय, पूर्ण ऐकलं तर घर सोडावं लागेल."

शनिवार, २२ नोव्हेंबर

सात दिवस काल संपले. वन्संनी आज हात घातला. पाव असे आले की ह्यांनी सायकलला पिशव्या लावता लावता एक तोडून खाल्ला. सव्वीस वर्षांत हे प्रथमच पाहिलं. लाकडं वाळली असणार.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दोन गोष्टी झाल्या. पहिली. काल इस्पितळात एक बेवारस म्हातारा गेला. तिथल्या मेट्रनने वन्संना बोलावलं, त्या गेल्या. म्हणजे पुन्हा सात दिवस. पेला पुन्हा खिळ्यावर.

दुसरी लिहायला हात वळत नाही, पण लिहिते. आज पहाटे भट्टी पेटवायला दार उघडलं, बॅटरी मारली, तर आत, मधोमध, मेलेली पाल.

मी तिथेच बसले. पाळकांचं वाक्य पाठ होतं मला. भट्टीत पडली तर भट्टी फोडायची. मीच लिहून ठेवलंय, ५ तारखेला, 'मला हे आवडलं' असं.

ही भट्टी सासऱ्यांनी बांधली. वन्सं तेव्हा लहान होत्या, माती पायाने तुडवायचं काम त्यांचं होतं. ही फोडली तर आम्ही खायचं काय? मी चिमट्याने पाल काढली आणि विचार केला. पाल भट्टीत होती खरी, पण टेकली होती राखेवर. राख म्हणजे भट्टी नव्हे. राख आपण रोज बाहेर टाकतो. म्हणजे राख अशुद्ध, भट्टी नाही. शिवाय पाल मेली कधी? भट्टीच्या बाहेर मरून आत पडली असेल तर? शिवाय आग सगळं शुद्ध करते हे तर कोणीही सांगेल. मी सगळी राख काढली, लांब नेऊन टाकली, भट्टी पेटवली.

हे दारात उभे होते. कधीपासून कोण जाणे. म्हणाले, "भट्टीला माफी. आणि ताईला सात दिवस."

एवढंच. आणि सायकल काढून गेले.

ह्यांना दिवसाला चार वाक्यं बोलायची असतात, त्यातलं एक नेमकं हेच बोलायचं होतं! दिवसभर माझ्या हातून काही धड झालं नाही. पाव जळले ते वेगळंच.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज बायकांचा विषय. रक्तस्राव असलेली बाई अशुद्ध, ती बसेल ते आसन अशुद्ध, निजेल ते अंथरूण अशुद्ध, त्याला शिवणारा अशुद्ध. बाकावरच्या सगळ्या बायका चपला बघायला लागल्या. मला एकच प्रश्न पडला, ज्याने हे सगळं लिहिलं त्याच्या घरी धुणं कोण धूत होतं? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

पालीचं पाळकांना विचारणार होते. तोंड उघडलं नाही. समजा त्यांनी फोडा सांगितलं तर?

सातला उठले. उठताना पहिल्यांदा पाय जरा घुटमळला, खोटं कशाला बोलू. पण पीठ होतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

वन्संनी भाजी निवडता निवडता सांगितलं. इस्पितळाच्या मेट्रनने त्यांना काम देऊ केलंय. शवागारात. शेजारीच एक खोली देतात, खिडकी आहे, पाण्याचा नळ आत आहे. एक तारखेपासून.

मी म्हटलं, "मग?"

"मग हो म्हटलं. थंडीत म्हातारी माणसं जातातच, वहिनी. महिन्यातले पंधरा-वीस दिवस मी तशीही बाहेरच असणार. तुम्हालाही अडचण, मलाही पेल्याची आठवण ठेवायला लागते. तिथे कोणाची गैरसोय नाही. मेलेले काही म्हणत नाहीत."

रागाने म्हणाल्या असत्या तर भांडले असते. मला भांडता येतं. त्यांनी वाटाणे सोलत सांगितलं.

"खोली चांगली आहे का?" एवढंच निघालं माझ्या तोंडून.

"छान आहे," म्हणाल्या. संध्याकाळी त्यांची ट्रंक माळ्यावरून खाली आली. हिरवी, पत्र्याची. ह्यांनीच काढून दिली आणि जेवायला आले नाहीत.

माणूस जाऊ नये म्हणून काय म्हणायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. चौथीपर्यंत नव्हतं ते.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज खूप आहे. हाताला साबणाचा वास येतोय तो तसाच ठेवून लिहिते.

सकाळी नऊला सुतार आला. हा माणूस एरवी दारात पाय ठेवतो तो विनोद घेऊनच. आज टोपी हातात. म्हणाला, "आई गेली." बसल्या जागी, चहा पिता पिता. चहा निम्मा उरला होता.

वन्सं लगेच उठल्या. पण नर्सबाई मुलीकडे गेलीय, सोमवारी येणार. एकट्या माणसाला हे काम होत नाही, कूस वळवायला दुसरी लागतेच. वन्संनी माझ्याकडे बघितलंही नाही. सुताराला म्हणाल्या, "शेजारची कोणी मिळते का बघ." तो म्हणाला, विचारलं, सगळ्या घाबरतात.

मी म्हटलं, "चला."

"वहिनी, संध्याकाळचा घाणा आहे. उद्या प्रभुभोजन."

"चला म्हटलं ना. म्हातारीला गरम पाणी लागतं, पाणी गार होईल."

मी आजवर मयताला हात लावला नव्हता. आईच्या वेळीही नाही, मी लांब उभी होते. म्हातारी पलंगावर एवढीशी झाली होती. मला घाई झाली, लवकर आवरावं असं वाटलं, मी खांद्याला धरून ओढलं. वन्संनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, "पिठासारखं धरा. ओढायचं नाही, खालून हात घालायचा आणि तिला आपल्याकडे येऊ द्यायचं." मला पीठ कळतं. तसं केलं. आली ती, अलगद.

पाणी गरम होतं, दोनदा मी कोपर घालून बघितलं. वन्संनी कानामागे, बोटांच्या मध्ये, सगळीकडे पुसलं. केस विंचरले. पूर्ण वेळ त्या हळू आवाजात प्रार्थना म्हणत होत्या, तीच, रोजची. आणि मध्येच म्हातारीशी बोलत होत्या. "आता पाय हं. गार लागलं का?" म्हातारीने त्या दिवशी माझ्या काउंटरवर पाव आपटला होता, तो हात मी पुसला. मला रडू आलं. ते पाण्यात गेलं, कळलं नसेल कोणाला.

बाहेर अंगणात रंध्याचा आवाज येत होता. सुतार आईसाठी पेटी करत होता. आम्ही निघालो तेव्हा म्हणाला, "रुंदीला चार बोटं जास्त धरलीत. कोंडल्यासारखं झालं तर रात्री येऊन कान उपटेल माझा." आणि मग त्याचा बांध फुटला. वन्सं त्याच्याजवळ थांबल्या. मी पुढे निघाले.

घरी आले, घसा कोरडा पडला होता. मागच्या दाराने आले, समोर खिळ्यावर पेला. तो काढला, पाणी प्यायले. मग लक्षात आलं कोणाचा तो. मग हेही लक्षात आलं की आता तो माझाही.

चार वाजले. पीठ वर आलं होतं, भट्टी ह्यांनी पेटवून ठेवलेली. नियमाने मी सात दिवस बाहेर, वन्सं बाहेर. राहिले हे. ह्यांनी एकदा पाव भाजले होते, कुत्र्याने हुंगून सोडून दिले.

वन्सं आल्या. मागच्या खोलीकडे वळल्या. मी म्हटलं, "वन्सं, हात घाला."

"वहिनी, सात दिवस—"

"दिवस मला मोजता येतात. हात घाला."

"पण तुम्ही—"

"मीही घालते. दोघींचे हात सारखेच आहेत आज. त्या हातांनी म्हातारीला धुतलं, त्यात घाण काय होती? मला तरी दिसली नाही."

वन्संनी बाही वर केली, हात आत घातला आणि सुरुवात केली. मीही दुसऱ्या बाजूने घातला आणि बरोबर म्हणायला लागले. आणि लिहायला लाज वाटते, पण मी रोजच्या भाकरीला पोचले तेव्हा वन्सं अजून 'पृथ्वीवर' होत्या! मला चटका तरी कुठे बसला होता! मी थांबले. त्या येत होत्या, सावकाश, एकेक शब्द ठेवत, म्हातारीचे केस विंचरत होत्या त्याच चालीने. भाकरीशी आल्या आणि दोघींनी एकदम हात बाहेर ओढले.

म्हणजे पंधरा दिवस पाव मीच जाळत होते. प्रार्थना आगगाडीसारखी म्हणून, आणि भाकरीला चटका नाही म्हणून वर अजून लाकूड घालून. हे कोणाला सांगणार नाही. लाकडं ओली होती असं गावभर सांगून झालंय, तेच राहू दे.

पाव सोनेरी आले.

रविवार, ३० नोव्हेंबर

म्हातारीला सकाळी पोचवलं. मग प्रभुभोजन. पाळकांनी आमचा पाव वर धरला आणि मोडला. म्हटलं, आता वीज पडते की काय. मोडताना कवच कुरकुरलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. सुताराने खाल्ला, मास्तरांनी खाल्ला. वीज पडली नाही. वन्सं शेजारी होत्या. मी माझा तुकडा घेतला आणि ताट त्यांच्याकडे दिलं, हातातून हातात.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी वन्संची ट्रंक भरून दाराशी तयार. पीठवाला गाडी घेऊन आला, मी म्हटलं, गोणी इथे ठेव. पन्नास किलोची. ट्रंकेवर. दुसरीकडे जागा नव्हती.

वन्सं बाहेर आल्या. बघितलं. "वहिनी, माझी ट्रंक."

"गोणी संपली की घ्या."

"कधी संपेल?"

"रोज थोडी थोडी संपते."

"मेट्रनला काय सांगू?"

"सांगा घरचं काम आहे. मयत धुवायला बोलावलं की येऊ, दोघी येऊ. राहायला येणार नाही म्हणावं. मला भट्टी ऐकत नाही. आता पुरे, ऊन वर आलं."

त्या उभ्या राहिल्या, खूप वेळ. मी कामात होते, बघितलं नाही, पण कळत होतं. तेवढ्यात हे आत आले, ट्रंकेवरच्या गोणीकडे बघितलं, बाहेर गेले, आणि दुसरी गोणी खांद्यावर घेऊन आले. पहिलीवर ठेवली. हात झटकले. गेले. आज चारपैकी एकही वाक्य खर्च केलं नाही.

वन्संनी निळा कप घेतला. मी खिळ्यावरचा पेला आत आणला. खिळ्याला आता माझं पीठ झटकायचं फडकं आहे. बरा उपयोगी आला.

बुधवार, ३ डिसेंबर

आज सात वाजले आणि मी उठले नाही.

पाळकांनी सवयीने माझ्याकडे बघितलं, निरोपाची मान हलवायला. मी बसलेलीच. ते गडबडले, घड्याळ बघितलं, पान हरवलं. सगळे हसले. पहिल्या तासाला याजकांचे नियम होते, त्यांनी मेलेल्याला हात लावायचा नाही वगैरे. मी मनात म्हटलं, आलं परत. पण बसले.

मग नवा करार उघडला. एका माणसाची बारा वर्षांची मुलगी मेली होती. घरात रडारड. प्रभू आत गेला आणि त्या मेलेल्या मुलीचा हात धरला. सरळ हात धरला! मी पुढे सरकून बसले. वाटलं, आता सात दिवस. पण मुलगी उठली, चालायला लागली. आणि मग, हे मी पाळकांना दोनदा वाचायला लावलं, त्याने सांगितलं काय? तिला खायला द्या.

काय दिलं ते लिहिलेलं नाही म्हणे. मी तिथेच मोठ्याने म्हटलं, "पाव असणार." पाळक म्हणाले, असू शकतो. असू शकतो काय, घाईत दुसरं घरात तयार काय असतं?

शेवटी मी पालीचं विचारलं. सगळ्यांसमोर. पाळक म्हणाले, "बाई, भट्टी चालू ठेवा." सुतार मागून ओरडला, "हातोडा मी तसाही दिला नसता." आई गेल्यापासून आज पहिल्यांदा बोलला असं.

रस्त्याने येताना वन्संना विचारलं, "दर बुधवारी असंच पुढचं काहीतरी होतं?"

"होतं."

"कुष्ठरोग्याच्या दिवशी?"

"त्याला हात लावला प्रभूने."

"आणि त्या बायकांच्या?"

"तिने त्याच्या वस्त्राला हात लावला. तो तिला मुली म्हणाला."

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगत होते, वहिनी, पण तुम्ही—"

मी थांबले. दिव्याखाली, भर रस्त्यात. म्हटलं, "पूर्ण बोला. मी आहे इथे."

वन्संनी तोंड उघडलं, मग मिटलं, मग हसायलाच लागल्या. "आता आठवत नाही," म्हणाल्या. "एवढी वर्षं अर्ध्यावरच थांबायची सवय लागली." दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. मला उचकी लागली.

घरी आलो तर पीठ परातीतून उतू जाऊन टेबलावरून खाली, ट्रंकेवरच्या गोण्यांपर्यंत पोचलं होतं. दोघींनी खरवडून काढलं. हे म्हणाले, "थांबलीस वाटतं." मी म्हटलं, थांबले.

समजलं ते लिहायचं असतं. मला एवढं समजलं की पहिला अर्धा भाग ऐकून मी जो उद्योग केला, तो दुसरा अर्धा ऐकला असता तर केला नसता, आणि पीठ तासभर जास्त फुगलं तर काही बिघडत नाही, पाव जरा आंबट होतात. बाकी पाळक सांगतील पुढच्या बुधवारी. बसेन.

पहाटे भट्टी. वन्सं मोजतील. मी शेजारी उभी राहणार आहे, आणि फक्त आमेन म्हणणार आहे. तेही त्या पोचल्यावर.